पान एका झाडाचं, खोड दुसऱ्याचं, बी तिसऱ्याचं... बिरबल साहनींनी दगडातून जोडलेल्या झाडाची गोष्ट

१४ नोव्हेंबर म्हटलं की आपल्याला बालदिन आणि पंडित नेहरू आठवतात. पण याच तारखेला, नेहरूंच्या बरोबर दोन वर्षांनी, म्हणजे १८९१ साली पंजाबातल्या भेरा गावात आणखी एक मुलगा जन्मला होता. पुढे दोघंही केंब्रिजला गेले. नेहरू तिथून निसर्गविज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी हा तिथे दाखल झाला. एक देशाचा पंतप्रधान झाला, दुसरा आयुष्यभर दगडात झाडं शोधत राहिला.

३ एप्रिल १९४९ ला लखनौमध्ये नेहरूंच्या हस्ते या दुसऱ्याच्या संस्थेची कोनशिला बसली. आठवडाभरातच तो गेला.

त्याचं नाव बिरबल साहनी. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना हे नाव एका मार्कापुरतं माहीत असतं. भारतातल्या पुरावनस्पतिशास्त्राचे जनक कोण? गोल काळा करायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. पण या माणसाने केलेलं काम समजून घ्यायचं तर शाळेतला एक जुना तक्ता परत उघडावा लागतो.

नववीच्या विज्ञानात वनस्पतींचं वर्गीकरण होतं, आठवतंय? थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा, मग अनावृत्तबीजी आणि आवृत्तबीजी. बहुतेकांनी ते पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरून गेले. खरं तर तो तक्ता म्हणजे पाण्यातून जमिनीवर आलेल्या झाडांच्या धडपडीचा हिशोब आहे.

पाण्यात राहणाऱ्या शेवाळाला फारशी काळजी नसते. पाणी चारी बाजूंनी असतं, अंगाला आधारही पाण्याचाच. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी त्यांचे काही वंशज जमिनीवर टिकून राहू लागले, तेव्हा अडचणी एकदम उभ्या राहिल्या. अंग सुकू नये म्हणून वरून मेणचट थर हवा. तो थर दिला तर हवा आत-बाहेर कशी जाणार, म्हणून बारीक छिद्रं हवीत. गर्भाला जपायचं तर तो आईच्या अंगातच वाढवायला हवा. पुढे उंच व्हायचं तर पाणी वर चढवणाऱ्या नळ्या आणि ताठ लाकूड हवं. आणि शेवटची अडचण सगळ्यात मोठी: नराच्या पेशीला पोहत मादीपर्यंत जायला पाणी नसेल तर?

ज्या गटाने यातलं जेवढं सोडवलं, त्यावरून त्याची तक्त्यातली जागा ठरली. पावसाळ्यात भिंतीवर उगवणारं मखमली मॉस ब्रायोफायटात, कारण त्याच्यात पाण्याच्या खऱ्या नळ्या नाहीत आणि पुनरुत्पादनाला ओलावा लागतोच. नेच्यांनी नळ्या कमावल्या, पण त्यांच्या नरपेशी अजून पोहतातच. सायकस, पाइन यांनी परागकण वाऱ्यावर सोडले आणि बी तयार केलं, पण ते उघडं. आंबा, गहू, झेंडू यांनी ते बी फळात झाकून घेतलं.

जिवंत झाडांसाठी हा तक्ता छान चालतो, कारण अख्खं झाड समोर असतं. साहनींच्या वाट्याला आली ती मेलेली झाडं, आणि तीसुद्धा तुकड्यांत.

लाहोर ते केंब्रिज

वडील रुचीराम साहनी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. घरात विज्ञान होतं, पुस्तकं होती आणि सुट्टीत हिमालयात पायी भटकंती होती. हे वडीलही भारी माणूस. मुलं शिकवून झाल्यावर, पन्नाशी गाठलेली असताना, ते स्वतः मँचेस्टरला रदरफर्डच्या प्रयोगशाळेत काम करायला गेले होते.

गव्हर्नमेंट कॉलेजात बिरबलना वनस्पतिशास्त्राचे शिक्षक मिळाले शिवराम कश्यप. कश्यप हे हिमालयातल्या लिव्हरवर्टचे मोठे अभ्यासक. लिव्हरवर्ट म्हणजे ओल्या दगडाला चिकटून राहणाऱ्या, पानासारख्या चपट्या, जमिनीवरच्या सगळ्यात साध्या वनस्पतींपैकी एक. पायाखाली येणारी, कुणाच्या लक्षातही न येणारी गोष्ट बारकाईने बघायची सवय साहनींना या गुरूमुळे लागली असावी.

१९११ मध्ये ते केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात गेले. तिथे ए. सी. स्यूअर्ड हे जीवाश्म वनस्पतींचे त्या काळातले मोठे नाव होतं. साहनी त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९१५ मध्ये त्यांनी गिंको या झाडावर एक छोटा निबंध छापला. तो छोटा असला तरी लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे.

गिंकोचं बी उघडं असतं. वाऱ्यावर आलेला परागकण थेट त्याच्या तोंडातून आत शिरतो. साहनींना गिंकोच्या बीजांडात भलत्याच झाडाचे परागकण सापडले. वारा काही पत्ता विचारून परागकण पोहोचवत नाही, त्यामुळे यात आश्चर्य नव्हतं. पण जीवाश्म अभ्यासणाऱ्यांसाठी हा इशारा होता. दगडातल्या एखाद्या बीमध्ये परागकण दिसला, की ते दोन्ही एकाच झाडाचे, असं मानायचा मोह होतो. साहनींनी दाखवलं की आतमध्ये सापडला म्हणजे तो त्याचाच, असं होत नाही.

त्यांचं वय तेव्हा जेमतेम तेवीस-चोवीस.

१९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. घेऊन ते भारतात परतले. आधी बनारस, मग लाहोर आणि १९२१ पासून लखनौ विद्यापीठ. १९२० मध्ये त्यांचं सावित्री सुरी यांच्याशी लग्न झालं. सावित्रीबाईंचं नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षी त्यांनी यू नावाच्या झाडाबद्दल एक धाडसी सूचना केली. हिमालयात याच्याच भावकीतल्या झाडाला थुनेर म्हणतात. कर्करोगावरचं टॅक्सॉल हे औषध मुळात याच कुळातल्या एका झाडाच्या सालीतून मिळालं. यूला सगळे पाइन-देवदारच्या गटात धरत होते. साहनींचं म्हणणं होतं की याच्या बिया शंकूत नसतात, फांदीच्या टोकाला एकेकट्या येतात, म्हणून याला स्वतंत्र गट द्या. त्यांनी टॅक्सेलीस हा गट सुचवला. अनेक दशकं पाठ्यपुस्तकांनी तो पाळला. आता डीएनएच्या अभ्यासाने यू परत पाइनच्या नातेवाइकांत गेला आहे. वर्गीकरणात असं चालतंच.

निपानियाचे दगड

आजच्या झारखंडमध्ये राजमहालच्या टेकड्या आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे लाव्हा वाहिला आणि लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये तळी, चिखल आणि झाडं अडकली. काही ठिकाणी झाडांच्या पेशींत सिलिका शिरली आणि झाड आतल्या रचनेसकट दगड झालं. अशा दगडाची पातळ चकती कापायची, उजेड आरपार जाईपर्यंत ती घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. एकेक पेशी दिसते.

अडचण एकच. अख्खं झाड जागच्या जागी दगड झालेलं जवळपास कधीच मिळत नाही. पान गळून वाहत जातं, फांदी मोडते, बी तिसरीकडेच रुजायला निघते. म्हणून पुरावनस्पतिशास्त्रात एक विचित्र पद्धत आहे. पानाला एक नाव, खोडाला दुसरं, बीला तिसरं. तिन्ही एकाच झाडाचे आहेत हे सिद्ध होत नाही तोवर तिन्ही नावं वेगवेगळी चालवायची. आधार कार्डावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं आणि गावात तिसरंच, असा प्रकार.

१९३२ मध्ये साहनींनी राजमहालच्याच एका झाडाची अशी जुळणी करून दाखवली होती. खोडाला बकलँडिया म्हणत, पानाला टायलोफायलम आणि फुलासारख्या अवयवाला विल्यम्सोनिया. तिन्ही एकाच झाडाचे निघाले. सायकससारखं दिसणारं हे झाड आजही पदवीच्या पुस्तकांत साहनींनी काढलेल्या रूपातच भेटतं. नावात त्यांनी गुरूची आठवण ठेवली: विल्यम्सोनिया स्यूअर्डियाना.

खरी कसोटी लागली ती निपानिया या गावाजवळच्या दगडांमध्ये. त्यातलं एक खोड कापलं तर आत लाकडाचा एक दंडगोल नव्हता. साधारण पाच होते, प्रत्येकाची वाढ स्वतंत्र. एका जाड केबलमध्ये पाच वायरी असाव्यात तसं. म्हणून नाव पडलं पेंटॉझायलॉन, म्हणजे पाच लाकडांचं. याच दगडांत लांबट, जिभेसारखी पानं होती. शिवाय तुतीच्या फळासारखे दिसणारे बियांचे घोस होते. लखनौतल्या बी. पी. श्रीवास्तव यांनी यातल्या तुकड्यांचं वर्णन करून त्यांना नावं दिली होती. खोडाच्या जातीचं नाव ठेवलं होतं साहनी.

आता हे सगळं एकाच झाडाचं आहे का? एका दगडात सापडले एवढ्यावर हो म्हणायचं असतं, तर काम दोन दिवसांत संपलं असतं. पण गिंकोचा निबंध लिहिणारा माणूस तसं म्हणणार नव्हता. साहनींनी तुकड्यांची आतली रचना एकमेकांशी ताडून पाहिली. पानाच्या नळ्या कशा मांडल्यात, आखूड फांदीवर पान जिथे बसतं तिथली खूण कशी आहे, बियांच्या घोसाचा देठ कुठल्या फांदीशी जुळतो. तुकडे जुळत गेले.

आणि जे झाड तयार झालं ते कुठल्याच खणात बसेना.

लाकूड पाहिलं तर ते पाइनच्या गटाचं वाटत होतं. पानाची आतली रचना सायकसकडे जात होती. बियांचा घोस ओळखीच्या कुणासारखाच नव्हता. प्रत्येक तुकडा वेगळा पाहिला असता तर तीन अभ्यासकांनी तो तीन वेगळ्या गटांत टाकला असता आणि आपापल्या जागी तिघेही बरोबर वाटले असते.

बियांवर फळाचं झाकण नव्हतं, एवढं मात्र नक्की. म्हणजे झाड अनावृत्तबीजी. १९४८ मध्ये साहनींनी शिकागोहून निघणाऱ्या बोटॅनिकल गॅझेटमध्ये निबंध लिहून या झाडासाठी स्वतंत्र गटच मांडला: पेंटॉझायली. भारतातल्या एका खेड्याजवळच्या दगडांवरून जगाच्या तक्त्यात एक नवा खण पडला. पुढे १९६० च्या दशकात न्यूझीलंडमध्येही याच गटाच्या बियांचे घोस सापडले. तेव्हा भारत आणि न्यूझीलंड गोंडवन नावाच्या दक्षिणेकडच्या एकाच महाखंडातले होते, हे माहीत असलं की नवल वाटत नाही.

नागपूरच्या उंबरठ्यावर

दख्खनचा काळा कातळही असाच लाव्ह्याच्या थरांचा आहे, आणि त्याच्याही थरांमध्ये झाडं अडकलेली आहेत. अशा जागांपैकी सगळ्यात गाजलेली म्हणजे छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलान. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी साहनींच्या काळात तो सगळा भाग मध्य प्रांतात होता आणि राजधानी होती नागपूर.

१९३४ मध्ये साहनींनी इथल्या एका दगड झालेल्या फळाचं वर्णन केलं. त्याचे नातेवाईक कोण याचा पत्ता लागेना, म्हणून नावच ठेवलं एनिग्मोकार्पॉन, म्हणजे कोड्यातलं फळ. दहा वर्षांनी नागपूरच्या व्ही. बी. शुक्ल यांनी तिथल्याच एका फुलाचं वर्णन केलं आणि साहनींच्या सन्मानार्थ त्याला नाव दिलं साहनिॲंथस. ते कोड्यातलं फळ याच फुलाचं आहे, असंही लक्षात आलं. पुढे नागपूरच्या डॉ. श्यामला चितळे यांनी मोहगावच्या जीवाश्मांवर वर्षानुवर्षं काम केलं.

छिंदवाड्याहून नागपूरकडे येताना सौंसर लागतं. तिथल्या दगडांत साहनी आणि एच. एस. राव यांना ॲझोला सापडला. हो, तोच ॲझोला, जो आपल्याकडे शेतकरी भातात खत म्हणून सोडतात आणि गाईम्हशींना घालतात. ॲझोला पाण्यावर तरंगतो, म्हणून बरेच जण त्याला शेवाळ समजतात. पण तो नेचा आहे. जमिनीवर आलेल्या खानदानातला, पुन्हा पाण्यात राहायला गेलेला. राहतो कुठे यावरून वर्गीकरण होत नाही, ते असं.

ताड-माडांच्या कुळातले जीवाश्म आणि असे ॲझोला पाहून साहनींनी मत मांडलं की दख्खनचा लाव्हा डायनासोरांच्या युगातला नसून त्यानंतरचा आहे. तेव्हा यावर जोरदार वाद होता. आजच्या मोजणीनुसार त्यातला बराचसा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे नेमका दोन्ही युगांच्या सीमारेषेवरचा आहे.

गुलाबी मिठाची चूक

इन्स्टाग्रामवर हिमालयन पिंक सॉल्ट म्हणून जे विकलं जातं, ते मीठ खेवड्याच्या खाणीतून येतं. आपण त्याला सैंधव म्हणतो. ही खाण ज्या मिठाच्या डोंगररांगेत आहे, ती साहनींच्या भेऱ्यापासून लांब नाही. झेलम ओलांडली की आलीच.

या मिठाचं वय काय, यावर १९४० च्या दशकात शास्त्रज्ञांचे दोन तट पडले. मिठाच्या वर जे खडक आहेत ते ५० कोटी वर्षांहून जुने आहेत, तेव्हा मीठ त्याहून जुनं, असं एक बाजू म्हणत होती. साहनी दुसऱ्या बाजूला होते. त्यांनी मीठ आणि त्याच्यासोबतचे खडक तपासले. मीठ विरघळवून खाली राहिलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात लाकडाचे बारीक कण होते, कीटकांचे तुकडे होते. आता ५० कोटी वर्षांपूर्वी तर जमिनीवर एकही झाड नव्हतं. मग लाकूड आलं कुठून? साहनींचा निष्कर्ष असा की मीठ बरंच अलीकडचं आहे आणि जुने खडक भूहालचालींमुळे त्याच्यावर सरकून आले आहेत.

तर्क बिनचूक होता. जमिनीवरच्या वनस्पतींचा इतिहास कोळून प्यालेला माणूसच असा विचार करू शकतो. पण आज भूशास्त्रज्ञ ते मीठ ५० कोटी वर्षांहून जुनंच मानतात आणि लाकडाचे ते कण नंतर बाहेरून शिरलेले. बीमध्ये सापडलेला परागकण त्याच बीचा नसतो, हे जगाला सांगणाऱ्या माणसाला मिठात सापडलेलं लाकूड त्याच मिठाचं वाटलं. साहनींच्या गौरवपर लेखांत हा भाग बहुतेकदा गाळला जातो. गाळायला नको. पुरावा दिसल्यावर ज्येष्ठांच्या विरोधात उभं राहायची जी हिंमत यूच्या आणि पेंटॉझायलॉनच्या वेळी कामाला आली, तीच इथे अंगाशी आली.

या सगळ्यात त्यांनी आणखी एक उद्योग केला होता. १९३६ मध्ये रोहतकजवळच्या खोकरा कोट टेकाडावर त्यांना नाणी ओतायचे मातीचे प्राचीन साचे सापडले. त्यावरून त्यांनी जुन्या काळी नाणी कशी पाडत यावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि नाणकशास्त्रातलं पदक मिळवलं. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले होते.

कोनशिला

साहनींना फक्त जीवाश्म वनस्पतींसाठी वाहिलेली संस्था उभी करायची होती. १९४६ मध्ये ती कागदावर आली. स्वतःचा जीवाश्मांचा संग्रह आणि पुस्तकं त्यांनी तिला देऊन टाकली. १९४७ मध्ये भेरा, लाहोर आणि मिठाची ती डोंगररांग पाकिस्तानात गेली. त्याच वर्षी शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांनी त्यांना मंत्रालयात सचिवपद देऊ केलं, पण त्यांनी नम्रपणे नकार दिला. संस्था अजून उभी राहायची होती.

कोनशिलाही साध्या दगडाची नव्हती. ठिकठिकाणचे वनस्पतींचे जीवाश्म बसवून त्यांनी ती घडवून घेतली होती. नेहरूंनी तीच बसवली. १० एप्रिलच्या पहाटेआधीच हृदयविकाराच्या झटक्याने साहनी गेले. वय ५७. पुढच्या वर्षी स्टॉकहोमला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या मानद अध्यक्षपदी त्यांची निवड झालेली होती.

भूखंड होता, कोनशिला होती, इमारत नव्हती आणि ज्याच्या डोक्यात सगळा आराखडा होता तो माणूस नव्हता. अशा वेळी सावित्री साहनी पुढे आल्या. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या. पण नवऱ्याबरोबर त्या देशोदेशी आणि डोंगरदऱ्यांत हिंडल्या होत्या, त्याचं काम त्यांनी जवळून पाहिलं होतं. संस्थेची सूत्रं त्यांनी हातात घेतली आणि जानेवारी १९५३ मध्ये इमारतीच्या उद्घाटनाला पुन्हा नेहरूच आले. साहनींची समाधी याच आवारात आहे.

पेंटॉझायलॉनच्या जुळणीत एक तुकडा मात्र राहून गेला होता. खोड, पान आणि बियांचे घोस मिळाले होते, पण परागकण तयार करणारा नर अवयव साहनींना सापडला नव्हता. १९५३ मध्येच त्यांच्या संस्थेतल्या विष्णू मित्रे यांनी निपानियाच्या दगडांतून तो शोधून काढला. आखूड फांदीच्या टोकाला बारीक दांड्यांचं कडं आणि त्यावर परागकणांच्या पिशव्या, असं त्याचं रूप होतं. त्यांनी त्याचं नाव ठेवलं साहनिया निपानिएन्सिस.